कामगार संघटनेची सभासदसंख्या आणि कामाच्या जागेची घडण

एखाद्या आस्थापनेत कामगार संघटना रुजते की नाही, आणि रुजल्यास किती कामगार तिची वर्गणी भरतात, हे पुढाऱ्यांच्या वक्तृत्वाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कामाच्या जागेच्या घडणीवर ठरते. मुंबईच्या कापडगिरण्या हे याचे ठळक उदाहरण होय.

हजारो माणसे एकाच भोंग्यावर एकाच फाटकातून ये-जा करीत असल्याने तेथे सभा भरवणे आणि पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन उभे राहणे सोपे होते. भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग मात्र लहान लहान शेडमध्ये विखुरलेले असून, मोजक्या कामगारांत वर्गणी देणारा मालकाच्या लगेच नजरेत भरतो.

फाटकाच्या आतही सर्व कामगार एकसारखे नव्हते. भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार नेमणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे, त्यामुळे रोज सकाळी कामाच्या आशेने येणारा बदली कामगार त्याची मर्जी सांभाळूनच संघटनेकडे वळे. विणाईखात्यात धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या जास्त मजुरीच्या खात्याबाहेर ठेवले जाई, डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता, आणि एकजुटीच्या घोषणांना ही फट कायम अडसर ठरली. कामाचा बोजा वाढवण्याच्या योजनांविरुद्ध 1928 साली झालेल्या सार्वत्रिक संपानंतर गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या 50,000 च्या पुढे गेली. गिरणीनिहाय समित्या तिचा कणा होत्या; 1929 चा संप फसल्यावर हा पसारा झपाट्याने आटला.

कायद्याचा प्रभाव निराळाच. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 अन्वये एका स्थानिक क्षेत्रातील उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना वाटाघाटी करू शके. त्यामुळे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी प्रातिनिधिक संघटनेचा कागदोपत्री मान ‘राष्ट्रीय मिल मजदूर संघा’चाच राहिला. नोंदलेले सभासदत्व आणि कामगारांची खरी निष्ठा यांतील अंतर इतके उघडे क्वचितच पडते.

माथाडी कामगारांची गोष्ट या नियमाला छेद देते. त्यांना एक मालक नसतो, कामाची जागाही अनेकदा बदलते. तथापि 1969 च्या माथाडी कायद्यानुसार माथाडी मंडळाकडे नोंदणी होऊन मजुरी मंडळामार्फत मिळू लागल्याने फाटकाची जागा टोळीने घेतली, आणि संघटनाही टोळ्याटोळ्यांनी बांधली गेली.