पहाटे तीनचा डाव

टेबलावर पुण्यातल्या मुठा नदीचा नकाशा पसरला आहे. भोवती चौघे बसले आहेत आणि खेळातल्या घड्याळात पहाटेचे ३ वाजलेत. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याच्या चिठ्ठीत लिहिलंय, की तासाभरात खडकवासला धरणाचा विसर्ग वाढवावा लागेल. महापालिकेच्या अधिकाऱ्याला निरोप आलाय, आंबिल ओढा काठोकाठ आहे, पण अजून बाहेर पडलेला नाही. पोलिसांना कळलंय, दांडेकर पुलाजवळ झाड पडून रस्ता एका बाजूने बंद आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या प्रतिनिधीला ठाऊक आहे, सुदुंबऱ्याहून एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी हवी असेल तर आत्ताच कळवावं लागेल.

सुटीसुटी वाचली तर यातली कुठलीच चिठ्ठी झोप उडवणारी नाही. एकत्र वाचली की मात्र पोटात गोळा येतो. नदी फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात जात नाही. ते मागे तुंबतं आणि काठच्या वस्तीत शिरतं. त्या वस्तीतून माणसं हलवायची, तर रस्ता अर्धा बंद!

हा प्रसंग मी रचलेला आहे, पण आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात असे खेळ खरोखर खेळवले जातात. इंग्रजीत त्यांना ‘सिरियस गेम’ म्हणतात. त्यासाठी संगणक लागतोच असं नाही. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा युद्धखेळ रुजला, तोही नकाशा आणि ठोकळ्यांवरच चाले. त्यात पंच प्रत्येक बाजूला तेवढंच सांगे, जेवढं तिला खऱ्या रणांगणावर कळलं असतं.

अपुरी माहिती हाच या खेळाचा गाभा. १९८५ मध्ये स्टासर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की गट चर्चेला बसला की सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच जास्त बोलतो. एकट्याकडे असलेली माहिती बाहेर येत नाही, आणि सगळे तुकडे जुळवले असते तर जो पर्याय सरस ठरला असता तोच हातचा जातो. आपल्याकडे यात हुद्द्याची भर पडते. साहेबांनी आधी मत दिलं, की कनिष्ठ अभियंता तोंडाशी आलेलं वाक्य गिळतो.

अनुभवातून शिकायचं म्हटलं, तर अनुभवाला वेळच कुठे मिळतो? पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. आंबिल ओढ्याचा पूर आला सप्टेंबर २०१९ मध्ये. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं २५ जुलै २०२४ ला. मधल्या काळात अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात. धरणातून ३५ हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर पाणी. त्याचा अर्थ नियंत्रण कक्षात पहिल्यांदाच कुणाला उमगत असेल, तर फार उशीर झालेला असतो.

माझ्या मते खरं शिक्षण डाव संपल्यावर होतं. खेळवणारा चुका मोजत बसत नाही. तो विचारतो, “ओढ्याचं तुम्हाला कधी कळलं होतं? आणि सांगितलंत कधी?” मधली मिनिटं फळ्यावर मांडली जातात. कुणीतरी हळूच म्हणतं, “सांगणार होतो, पण विषय पुढे गेला होता.” मग खुर्च्या बदलतात. कनिष्ठ अभियंता जिल्हाधिकाऱ्याच्या जागी बसतो, आणि निर्णयाआधी प्रत्येकाने आपली चिठ्ठी मोठ्याने वाचायची, सर्वांत कनिष्ठाने आधी, एवढा एकच नियम वाढवून घड्याळ पुन्हा पहाटे ३ वर लावलं जातं.