पुळियोदरै

दक्षिण भारतातील चिंचेचा आंबट भात. तमिळनाडूत पुळियोदरै, कर्नाटकात पुळियोगरे आणि आंध्र-तेलंगणात पुलिहोर या नावांनी तो ओळखला जातो. वैष्णव मंदिरांतील प्रसाद म्हणून त्याची विशेष ख्याती असून कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील मेलुकोटे हे गाव अय्यंगार या वैष्णव ब्राह्मण समाजाच्या पुळियोगरेसाठी प्रसिद्ध आहे.

या पदार्थाचा जीव भातात नसून पुळिकाच्चलमध्ये, म्हणजे आटवलेल्या चिंचेच्या कोळात असतो. कन्नडमध्ये त्याला गोज्जू म्हणतात. तिळाच्या तेलात मोहरी, हरभऱ्याची व उडदाची डाळ, सुक्या मिरच्या, कढीपत्ता आणि हिंग यांची फोडणी करून दाट कोळ ओततात. हळद-मीठ घालून तो मंद आचेवर तेल सुटेपर्यंत आटवायचा. येथे घाई केली तर चिंचेचा कच्चट वास राहतो आणि पुढे काही केल्या जात नाही. शेवटी भाजलेले धणे, मेथ्या, मिरच्या व तीळ यांची पूड मिसळतात. मेथ्या जरा जास्त भाजल्या गेल्या तरी सगळे कडू होते. भात मोकळा शिजवून परातीत पसरतात, तिळाचे तेल शिंपडून निववतात आणि मगच त्यात काच्चल कालवतात. कालवल्यावर काही तास मुरलेला भात ताज्यापेक्षा निश्चितच सरस लागतो.

चिंचेतील आम्ल, मीठ व तेल यांमुळे आणि पाण्याचा अंश आटल्यामुळे काच्चल बरेच दिवस टिकते. कालवलेला भातही साध्या भातापेक्षा अधिक वेळ चांगला राहतो, म्हणून प्रवासाच्या शिदोरीत तो हमखास असे. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, आडीपेरुक्कु सणाला, कावेरीकाठी कुटुंबे दहीभात, लिंबूभात यांसोबत पुळियोदरै नेऊन जेवतात. आंध्रात उगादीला आणि वरलक्ष्मी व्रताला पुलिहोर करतात.

कर्नाटकात गूळ आणि सुके खोबरे पडते. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या मराठी माणसाला हीच चव सर्वांत जवळची वाटेल. आंध्रात वाटलेली मोहरी घालून ‘आव पुलिहोर’ करतात. तिचा झणका नाकात जातो. मंदिरातील भातात कांदा-लसूण वर्ज्य असतो. काही ठिकाणी मिरचीऐवजी मिरी वापरतात. मिरची अमेरिकेतून येण्यापूर्वी दक्षिणेत तिखटपणासाठी मिरीच मुख्य होती.

शेंगदाणे घरोघरी घालतात. सोबत तळलेला पापड पुरतो.