चोबे, ओकावांगो, व्हिक्टोरिया फॉल्स: सफारीची ही वाट कशी तयार झाली

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातली सफारी आखताना बहुतेकांचा आराखडा साधारण सारखाच होतो. व्हिक्टोरिया फॉल्सला उतरायचे, कासानेमार्गे बोत्स्वानातल्या चोबे उद्यानात जायचे, तिथून छोट्या विमानाने ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात, आणि दिवस हाताशी असतील तर झिंबाब्वेतले ह्वांगे उद्यानही करायचे. माहितीपत्रकांत या सगळ्या प्रदेशाला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात. ते खरे नाही. कुठे रान टिकले आणि कुठे गुरे आली, कोणती सीमा ओलांडता येते आणि कोणती नाही, हे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत गुरांच्या रोगांनी, तारेच्या कुंपणांनी आणि युद्धांनी ठरवले आहे.

सुरुवात बुळकांडी या गुरांच्या रोगापासून करावी लागते. उत्तरेकडून पसरत आलेली ही साथ 1896मध्ये झांबेझी नदी ओलांडून दक्षिणेत उतरली. गुरांचे कळपच्या कळप मेले, त्यांच्याबरोबर रानरेडे आणि कुडू ही हरणेही मेली. या जनावरांच्या रक्तावर जगणारी त्से त्से माशी त्यामुळे बऱ्याच भागातून मागे हटली. पण ओकावांगो आणि चोबेच्या काठी ती टिकून राहिली आणि वन्यप्राणी वाढले तशी पुन्हा पसरू लागली. माणसाला निद्रारोग आणि गुरांना नगाना हा रोग देणाऱ्या या माशीमुळे त्या पट्ट्यात गोपालन अशक्य झाले. तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, माशी हटवण्याचा उपाय म्हणून लाखो वन्यप्राणी गोळ्या घालून मारले गेले. ओकावांगोत मात्र माशीच रानाची राखणदार ठरली. आज ज्या गवताळ बेटांवर हत्ती आणि लेचवे ही पाणथळीतली हरणे दिसतात, तिथे ती नसती तर गुरे चरत असती. माशी पुरती हटवण्यासाठी हवाई फवारणी झाली ती 2001-02मध्ये, म्हणजे पर्यटन तिथे चांगले रुजल्यानंतर.

माशीने गुरे अडवली, पण बंदुका अडवल्या नाहीत. 1950च्या दशकापर्यंत शिकार इतकी वाढली होती की ओकावांगो भागातल्या बटावाना लोकांनाच आपल्या भूमीतले प्राणी संपतील अशी भीती वाटू लागली. टोळीप्रमुख मोरेमी तिसरे यांच्या पत्नी पुलाने तेव्हा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होत्या. त्यांच्या काळात, 1963मध्ये, बटावानांनी स्वतःच्या जमिनीचा मोठा भाग राखीव केला आणि त्याला मोरेमी यांचे नाव दिले. आफ्रिकेतली बरीच अभयारण्ये वसाहतवादी सरकारांनी वरून लादली, त्या मानाने हा निर्णय वेगळा आणि मोठा आहे. पण त्याची किंमत त्या क्षेत्रात राहणाऱ्या बसार्वा (सान) या आदिवासी लोकांनी मोजली. त्यांना राखीव क्षेत्राबाहेर पडावे लागले. मोरेमीच्या उत्तर दाराशी लागणारे ख्वाई गाव त्यांचे आहे. तिथे मुक्काम ठेवणार असाल तर हे माहीत असायला हवे.

मग आली कुंपणे. गोमांस हा बोत्स्वानाचा महत्त्वाचा निर्यातमाल, आणि युरोपला मांस पाठवायचे तर लाळ-खुरकूत हा गुरांचा रोग रोखणे भाग होते. रानरेड्यांत या रोगाचे विषाणू असतात, म्हणून गुरे आणि रान यांच्यामध्ये तारा ओढल्या गेल्या. 1958च्या कुके कुंपणाने कलाहारीतल्या प्राण्यांची उत्तरेकडे पाण्याला जाण्याची वाट तोडली. 1980च्या दशकातल्या दुष्काळात हजारो विल्डबीस्ट पाण्याविना मेले. ओकावांगोच्या दक्षिण कडेचे ‘बफेलो फेन्स’ मात्र गुरांना आत येऊ देत नाही. म्हणजे एकाच धोरणाने एकीकडे रान मारले आणि दुसरीकडे राखले.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत आशादायक वाटते ती झेब्र्यांची गोष्ट. ओकावांगोतून मकगडिकगडीच्या मिठागरांकडे जाणारी त्यांची वाट 1968मध्ये उभारलेल्या कुंपणाने बंद झाली. 2004मध्ये ते कुंपण काढले. काही वर्षांतच गळ्यात जीपीएस पट्टे बांधलेले झेब्रे तीच वाट चालताना नोंदले गेले. मधे 36 वर्षे गेली होती. त्या वाटेने पूर्वी गेलेला एकही झेब्रा तेव्हा जिवंत असण्याची शक्यता नव्हती.

सीमांची कथा याहून कठोर आहे. 1973मध्ये ऱ्होडेशियाने झांबियाची सीमा बंद केली आणि व्हिक्टोरिया धबधब्याचे दोन काठ एकमेकांना परके झाले. 1979मध्ये ऱ्होडेशियाच्या सैन्याने झांबेझीवरच्या कझुंगुला या सीमानाक्याची फेरीबोट बुडवली. नामिबियाचा कॅप्रिव्ही पट्टा दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराच्या ताब्यात होता आणि अंगोलातले यादवी युद्ध 1975पासून 2002पर्यंत चालले. हत्ती तिथून बोत्स्वानाच्या बाजूला आले. आज चोबेच्या काठावर हत्तींची जी दाटी दिसते, तिच्यामागे हेही एक कारण आहे. अंगोलाच्या आग्नेय भागात त्यांना परत पाय रोवायला भूसुरुंगांनी बराच काळ अडथळा केला.

या तुटलेल्या भूमीला पुन्हा जोडण्यासाठी अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी 2011मध्ये करार करून ‘काझा’ हे सीमापार संवर्धनक्षेत्र स्थापन केले. त्याचा विस्तार सुमारे 5,20,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. 2022च्या हवाई गणनेत इथे सुमारे 2,28,000 हत्ती असल्याचा अंदाज निघाला. काझाचा व्हिसा 2014मध्ये सुरू झाला. त्यावर झांबिया आणि झिंबाब्वे दोन्हीकडे फिरता येते आणि चोबेला दिवसभराची फेरीही करता येते. बोत्स्वानात रात्र काढायची तर तिथले प्रवेशनियम वेगळे. काझाचा व्हिसा कोणत्या देशांच्या नागरिकांना मिळतो हे तिकिटे काढण्याआधी तपासावे. कझुंगुलाला 2021मध्ये 923 मीटरचा पूल झाला. झिंबाब्वेची हद्द टाळण्यासाठी तो वळण घेऊन झांबेझी ओलांडतो.

महिने निवडताना मात्र राजकारणापेक्षा पाणी महत्त्वाचे. अंगोलाच्या डोंगराळ भागात नोव्हेंबर ते मार्च पडलेला पाऊस सपाट जमिनीवरून इतका संथ उतरतो की पूर ओकावांगोच्या कडेच्या मौन या गावाजवळ पोहोचतो जून-जुलैत, म्हणजे स्थानिक पाऊस संपून रान कोरडे पडल्यावर. प्राणी तेव्हा पाण्याभोवती जमतात. ह्वांगेत तर बारमाही नदीच नाही. 1928मध्ये राखीव झालेल्या या रानात पाणवठे विंधनविहिरींच्या पंपांवर भरतात, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथे हत्तींची रीघ लागते. गाडीने फिरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: बोत्स्वानातल्या पशुवैद्यकीय नाक्यांवर गाडीची चाके आणि बुटांचे तळवे जंतुनाशकात बुडवावे लागतात, आणि लाळ-खुरकुतीच्या पट्ट्यातून बाहेर येताना कच्चे मांस सोबत असले तर ते काढून घेतात.