पलंगपोस : सुती आणि बांबूचे

गादीवर अंथरायचे, कडा दुमडून शिवलेले सपाट कापड म्हणजे पलंगपोस. बोलण्यात त्याला चादरच म्हणतात. सुती पलंगपोस घरोघरी असल्याने त्याचे वेगळे वर्णन येथे केलेले नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ‘बांबूचे’ म्हणून विकले जाणारे पलंगपोस बाजारात दिसू लागले. ते घ्यावेत की सुती घ्यावेत, हे बांबूच्या वनस्पती म्हणून असलेल्या गुणांवरून ठरवता येत नाही. बांबूचे कापड कोणत्या प्रक्रियेने झाले, हे पाहावे लागते. सोलापुरी चादर जाड सुताची व मुख्यतः पांघरण्याची असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

बांबूपासून सूत : कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तीतील मुख्य द्रव्य) असते आणि सरकी काढल्यावर तो पिंजून थेट कातता येतो. बांबूच्या कांडात सेल्युलोज साधारणपणे निम्मे किंवा त्याहून कमी असून बाकीचा भाग मुख्यत्वे लिग्निन व हेमिसेल्युलोज यांचा असतो. त्याचे सुटे तंतू २–३ मिमी. लांबीचे, म्हणजे कातण्यास फारच आखूड. मध्यम प्रतीच्या कापसाचा तंतूही २० मिमी.हून लांब असतो. म्हणून दोन वाटा राहतात. तागाप्रमाणे बांबू ठेचून, कुजवून किंवा एंझाइमांच्या साहाय्याने तंतूंचे जुडगे सोडवायचे, ही पहिली. लगदा करून त्यातील सेल्युलोज विरघळवायचे व त्या द्रावातून नवा तंतू ओढायचा, ही दुसरी. पहिल्या रीतीचे कापड लिननसारखे खरबरीत असते, महाग पडते आणि पलंगपोसांत क्वचितच आढळते. दुकानातला मऊ, झुळझुळीत ‘बांबू’ जवळजवळ सगळा दुसऱ्या रीतीचा, म्हणजे व्हिस्कोज रेयॉन असतो.

इतिहास : बांबूच्या कापडाचे प्राचीनत्व वादग्रस्त आहे. नानफांग त्साओमु च्वांग या चिनी वनस्पतिग्रंथात कोवळा बांबू ठेचून, भिजवून, कातून त्याचे कापड विणले जात असल्याचा उल्लेख येतो. तो प्रदेश आजच्या उत्तर व्हिएतनामकडचा. परंपरेनुसार हा ग्रंथ इ.स. ३०४ मध्ये ची हान याने रचला. तथापि उपलब्ध पाठ बराच नंतर, कदाचित बाराव्या शतकाच्या सुमारास, जुन्या उताऱ्यांवरून जुळवला गेला असावा असे काही अभ्यासक मानतात. उल्लेख मुळात जुना असणे शक्य आहे, पण केवळ त्याच्या आधारे चौथे शतक निश्चित करणे धाडसाचे ठरेल. चीनमधील छिंग राजवटीच्या काळातील (१६४४–१९१२) बांबूची अंतर्वस्त्रेही कधीकधी पुरावा म्हणून पुढे केली जातात. ती बारीक फांद्यांचे तुकडे मण्यांसारखे ओवून केलेली जाळी असते. विणलेल्या कापडाशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत फिलिप लिख्टेनश्टाट यांनी १८६४ मध्ये बांबूचे तंतू सुटे करून दोर, कापड व कागदाचा लगदा करण्याच्या रीतीचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यातून कापडधंदा उभा राहिल्याचे दिसत नाही.

व्हिस्कोजची प्रक्रिया चार्ल्स क्रॉस, एडवर्ड बेव्हन व क्लेटन बीडल यांनी इंग्लंडमध्ये १८९२ साली एकस्वित केली. १९०५ मध्ये कॉव्हेंट्री येथे कोर्टोल्ड्‌स या कंपनीने तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. कच्चा माल प्रामुख्याने लाकडाचा लगदा होता. बांबूच्या लगद्यापासून व्हिस्कोज करण्याची सुरुवात चीनमध्ये इ.स. २०००च्या सुमारास झाली, असे व्यापारी साहित्यात सांगितले जाते. भारतीय अनुभवाशी हे विधान जुळत नाही. केरळातील मावूर (कोझिकोड जिल्हा) येथे ग्वाल्हेर रेयॉन्सच्या कारखान्यात १९६०च्या दशकापासून बांबूपासून रेयॉनयोग्य लगदा काढला जात असे, आणि राज्य सरकारने त्यासाठी जंगलातील बांबू टनाला एक रुपया दराने देऊ केल्याचा करार पुढे बराच गाजला. त्या लगद्यापासूनच्या रेयॉनला बांबूचे कापड असे कोणी म्हणत नसे. चीनमध्ये नवे घडले ते लगद्याच्या उगमाचे नाव मालाला देणे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कापसाच्या बाबतीत पुरावे अधिक भक्कम आहेत. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे तांब्याच्या मण्यात सापडलेले कापसाचे तंतू इ.स.पू. सहाव्या सहस्रकातील मानले जातात. कापूस रानटी होता की लागवडीचा, हे मात्र त्यांवरून ठरत नाही. महाराष्ट्रात नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन दफनात एका मुलाच्या गळ्यातील मण्यांच्या दोऱ्यात रेशमाबरोबर कापसाचा अंश असल्याचे निदान झाले होते.

प्रक्रिया : लगदा सु. १७–१८ टक्के दाहक सोड्याच्या (कॉस्टिक सोड्याच्या) द्रावात भिजवून पिळतात व त्याचा चुरा करून काही काळ मुरू देतात. या काळात हवेतील ऑक्सिजनमुळे सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात. नंतर कार्बन डायसल्फाइडाची विक्रिया घडवली की नारिंगी रंगाचे सेल्युलोज झँथेट मिळते. ते सौम्य दाहक सोड्यात विरघळवले म्हणजे मधासारखा दाट द्राव तयार होतो. गाळून पक्व केलेला हा द्राव बारीक छिद्रांच्या चकतीतून सल्फ्यूरिक अम्ल, सोडियम सल्फेट व झिंक सल्फेट यांच्या कुंडात सोडतात. तेथे सेल्युलोज पुन्हा घनरूप होऊन तंतू बनतो. तंतूचा काटछेद, त्यावरील खाचा व चकाकी या कुंडात आणि त्यानंतरच्या ताणात ठरतात. बांबूच्या तंतूतील नैसर्गिक पोकळ्यांमुळे चादर थंड राहते, या जाहिरातीतील विधानाला त्यामुळे आधार उरत नाही.

लायोसेल हा वेगळा प्रकार होय. त्यात सेल्युलोज एन-मिथिलमॉर्फोलीन-एन-ऑक्साइडात थेट विरघळते, कार्बन डायसल्फाइड लागत नाही आणि ९९ टक्क्यांहून अधिक विद्रावक परत मिळवता येतो. बांबूचे लायोसेलही निघते. वेष्टनावर तसे छापलेले असल्यास ते बांबू-व्हिस्कोजपेक्षा पसंत करावे.

गुणधर्म : कापसातील सेल्युलोजच्या बहुवारिकीकरणाची मात्रा (एका साखळीतील एककांची संख्या) हजारांत असते, व्हिस्कोजमध्ये ती साधारण २५०–३५० पर्यंत उतरते. व्यवहारात याचा परिणाम धुताना दिसतो. ओला कापूस कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो. ओल्या व्हिस्कोजची ताकद जवळजवळ निम्मी होते. दगडावर आपटून, ब्रशने घासून, पीळ देऊन धुण्याची रीत असलेल्या घरात बांबूची चादर फार टिकत नाही, तर सुती चादर उकळून काढली तरी चालते. प्रमाणित हवेत (६५ टक्के सापेक्ष आर्द्रता) कापूस सु. ७–८.५ टक्के व व्हिस्कोज सु. ११–१३ टक्के ओलावा धरतो. घाम टिपण्यात म्हणून बांबू सरस ठरतो. पण धुऊन पिळल्यावरही त्यात कापसाच्या जवळपास दुप्पट पाणी राहते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात दोरीवरची ही चादर लवकर वाळत नाही. स्पर्शाला गुळगुळीत आणि अंगाबरोबर पडणारी असल्याने ती कापसापेक्षा गार भासते, यात शंका नाही. लहान तंतूंच्या सुताची असल्यास तिच्यावर घासून गोळेही येतात.

बांबू नैसर्गिकरीत्या जंतुनाशक असतो आणि हा गुण चादरीत उतरतो, हा दावा तपासांत टिकलेला नाही. इतक्या रसायनांतून गेल्यावर मूळ वनस्पतीतील द्रव्य शिल्लक राहणे अवघडच. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ मध्ये रेयॉनला नुसते ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या चार विक्रेत्यांवर कारवाई केली. २०२२ मध्ये दोन मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी अशाच प्रकरणात मिळून ५५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. तेथे ‘बांबूपासूनचे रेयॉन’ असे लिहिणे चालते. यूरोपीय संघाच्या २०११ च्या तंतुनाम-नियमांतही व्हिस्कोज व लायोसेल ही नावे आहेत, बांबू-व्हिस्कोजला वेगळे नाव नाही.

घरी जाळून पाहण्याने पॉलिएस्टरची भेसळ ओळखता येते, कारण ते वितळून कडक मणी बनते. कापूस व व्हिस्कोज दोन्ही जळक्या कागदाचा वास देतात, तेव्हा त्यांच्यातला भेद असा कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा आणि व्हिस्कोजचा लांब रेघा असलेला दिसतो. एखादे व्हिस्कोज बांबूचे की लाकडाचे, हे मात्र प्रयोगशाळेतही ओळखणे कठीण असते.

वीण व धाग्यांची संख्या : एका चौरस इंचातील ताणा व बाणा मिळून जे धागे, त्यांची संख्या वेष्टनावर देतात. दोनपदरी किंवा चारपदरी सुतातील प्रत्येक पदर वेगळा मोजून ती ८०० वा १,००० पर्यंत फुगवली जाते. एकपदरी, विंचरलेल्या (कोंब्ड) सुताच्या साध्या विणीत २००–३०० पुरेशी असते. सॅटिन विणीत धागे पृष्ठभागावर अधिक तरंगतात. कापड चकाकते, पण लवकर घासते. तंतूची लांबी अधिक महत्त्वाची. भारतात १९७०च्या दशकात कोइमतूर येथे विकसित झालेल्या सुविन या अतिलांब धाग्याच्या जातीचे सूत उत्तम मानले जाते, मात्र तिचे उत्पादन थोडे आहे. अशी सुती चादर महाराष्ट्रातील हवेला व धुण्याच्या पद्धतीला सर्वसाधारणपणे अधिक मानवते.

पर्यावरण : कापसाचे नुकसान शेतात होते, व्हिस्कोजचे कारखान्यात. विदर्भातील कापूस बहुतांशी कोरडवाहू असल्याने सिंचनाचे जागतिक आकडे त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. कीटकनाशकांचा प्रश्न मात्र खरा आहे, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकरी व मजुरांना झालेली विषबाधा सर्वज्ञात आहे. बांबूला फवारणी फारशी लागत नाही. परंतु कार्बन डायसल्फाइडाने कामगारांच्या मज्जासंस्थेवर होणारे दुष्परिणाम ओग्यूस्त देल्पेक या फ्रेंच वैद्याने १८५६ मध्येच, रबर उद्योगाच्या संदर्भात, वर्णिले होते.

महाराष्ट्रात मानवेल व कटांग हे बांबू प्रामुख्याने चंद्रपूर-गडचिरोली भागात होतात. ते बुरूडकामासाठी आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी जातात. चादरीच्या धंद्याशी त्यांचा संबंध अद्याप आलेला दिसत नाही.