चिनी चित्राची प्रतिकृती म्हणजे बनावट माल नव्हे

जुन्या चिनी शाईचित्राची हुबेहूब नक्कल म्हणजे फसवणूक, हा समज चुकीचा आहे. खोटे नाव लावून विकली तर ती फसवणूक; एरवी नक्कल ही तिथली मानाची विद्या. इ.स. ५०० च्या सुमारास चिनी कलासमीक्षक श्ये ह यांनी चित्रकलेची सहा तत्त्वे मांडली, त्यातले शेवटचे जुन्या कृतींच्या नकलेचेच आहे. चित्रांचे रेशीम आणि कागद जीर्ण होतात, मग उरते ती नक्कल. चित्रकार जांग श्वान यांचे आठव्या शतकातले, रेशीम तयार करणाऱ्या स्त्रियांचे मूळ चित्र आज नाही. आपल्याला ते कळते ते बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बाराव्या शतकातल्या प्रतीमुळे. ही प्रत सम्राट ह्वेजोंग यांच्या नावे सांगितली जाते. शिवाय हे काम अवघड: रेशमावर शाईची रेघ पुसता येत नाही. कुंचल्याचा दाब, वेग, ओल सारे एकाच फटक्यात साधावे लागते.