प्रमाणशीर विभागणी

एकूण राशी ठरलेल्या गुणोत्तरात वाटून देण्याची अंकगणितातील रीत. गुणोत्तरातल्या पदांची बेरीज करायची, एकूण राशीला तिने भागून एका भागाची किंमत काढायची आणि तिने प्रत्येक पद गुणायचे. आकडेमोड एवढीच. चूक होते ती बहुधा त्याआधी, नेमके काय वाटायचे हे ठरवताना.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ही रीत ‘मिश्रव्यवहार’ या प्रकरणात येते. तिघा व्यापाऱ्यांनी ५१, ६८ आणि ८५ असे भांडवल घातले, व्यापारानंतर सगळे मिळून ३०० झाले, कोणाचे किती? प्रत्येक भांडवलाला ३०० ने गुणून भांडवलांच्या बेरजेने, म्हणजे २०४ ने, भागायचे. उत्तर ७५, १०० आणि १२५. आधी गुणाकार करण्यात शहाणपण आहे, कारण ३०० ला २०४ ने पूर्ण भाग जात नाही. १७ ने संक्षेप दिला तर गुणोत्तर ३ : ४ : ५ होते आणि हिशेब तोंडी सुटतो. मात्र या ३०० मध्ये मुद्दलही आहे. नुसता नफा ९६. त्याचे वाटे २४, ३२ आणि ४०.

मराठेशाहीत चौथाईच्या उत्पन्नाची वाटणी अशीच ठरलेली होती : २५ टक्के राजबाबती छत्रपतींची, ६ टक्के साहोत्रा पंत सचिवांचा, ३ टक्के नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीतल्या माणसाला आणि उरलेला ६६ टक्के मोकासा सरदारांना. पण चौथाई हीच मुळात महसुलाचा चौथा हिस्सा. म्हणून राजबाबती एकूण महसुलाच्या सोळाव्या हिश्श्याइतकी, रुपयामागे एक आणा, भरते.

हिस्से अपूर्णांकांत दिले असतील तर त्यांची बेरीज १ होते का, ते पाहावे लागते. सतरा उंट तिघा भावांत वाटण्याच्या प्रसिद्ध कोड्यात वाटे १/२, १/३ आणि १/९ आहेत, बेरीज १७/१८. शेजाऱ्याचा अठरावा उंट उसना आणण्याची गंमत त्यातूनच निघते. छेद समान करून ९ : ६ : २ असे गुणोत्तर मांडले, की उसन्या उंटाची गरज उरत नाही.

शालेय ‘भागीदारी’च्या उदाहरणांत भांडवल आणि मुदत यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात नफा वाटतात. कायद्याचे गृहीत वेगळे आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार, भागीदारांत वेगळा करार नसेल तर भांडवल कमीजास्त असले तरी नफा सारखाच वाटला जातो आणि तोटाही.