रायनएअर

रायनएअर : आयर्लंडमधील कमी दराची विमानकंपनी. मुख्यालय डब्लिन विमानतळाजवळ स्वोर्ड्स येथे. जुलै १९८५ मध्ये वॉटरफर्ड ते लंडन-गॅटविक या एकाच मार्गावर पंधरा आसनी विमानाने तिची सुरुवात झाली. प्रवासीसंख्येत ती आज युरोपात पहिली आहे. मार्च २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात तिने २० कोटींवर प्रवासी नेले. युरोपातल्या दुसऱ्या कोणत्याही विमानकंपनीने तोवर हा आकडा गाठला नव्हता. कंपनीच्या चिक्कूपणाचे किस्से सर्वतोमुखी आहेत, पण नुसत्या चिक्कूपणावर एवढा पसारा उभा राहत नाही. विमाने कधी विकत घ्यायची आणि विमानतळाशी घासाघीस कशी करायची, हे तिला इतरांपेक्षा चांगले कळले. किस्से त्यानंतरचे.

संस्थापक टोनी रायन (१९३६–२००७) हे एर लिंगस या तेव्हाच्या आयरिश सरकारी विमानकंपनीतले जुने नोकर. पुढे त्यांनी शॅनन येथे विमाने भाडेपट्ट्याने देणारी मोठी कंपनी उभारली. रायनएअरचे पहिले विमान इतके ठेंगणे होते, की केबिन कर्मचाऱ्यांची उंची ५ फूट २ इंचांपेक्षा कमी असण्याची अट घालावी लागली. खरी टक्कर सुरू झाली ती १९८६ मध्ये, डब्लिन–लंडन मार्गावर. तोपर्यंत तिथे एर लिंगस आणि ब्रिटिश एअरवेज या दोघांचेच राज्य होते आणि परतीच्या तिकिटाचा किमान दर २०९ पौंड होता. रायनएअरने लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळापर्यंतचे तेच तिकीट ९९ पौंडांना विकले. इंग्लंडमध्ये पोटापाण्यासाठी गेलेल्या आयरिश लोकांना रात्रभराच्या बोट-रेल्वे प्रवासाऐवजी विमान परवडू लागले.

प्रवासी मिळाले, पैसा मात्र मिळाला नाही. विमाने चार जातींची, जोडीला बिझनेस क्लास आणि नेहमीच्या प्रवाशांसाठी सवलतींचा क्लब. स्वस्त भाडे आणि महाग थाट असा हा संसार होता. १९९० पर्यंत सुमारे दोन कोटी पौंडांचा तोटा साचला. रायन यांनी आपले आर्थिक सहायक मायकेल ओ’लिअरी यांना हिशेब तपासायला बसवले होते. ओ’लिअरी अमेरिकेत जाऊन साउथवेस्ट एअरलाइन्स या कमी दराच्या विमानकंपनीचा कारभार पाहून आले आणि घरचा थाट त्यांनी मोडीत काढला. १९९४ मध्ये ते मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

साउथवेस्टचा धडा साधा होता : जमिनीवर उभे विमान कमाई करत नाही. म्हणून सगळी विमाने बोइंग ७३७ जातीची ठेवली, म्हणजे वैमानिक, तंत्रज्ञ आणि सुटे भाग कुठल्याही विमानाला चालतात. उतरल्यापासून पुन्हा उड्डाणापर्यंतचा वेळ २५ मिनिटांवर आणला. आसने मागे कलत नाहीत आणि त्यांच्या पाठीला खिसाही नाही, त्यामुळे त्यात कचरा साठत नाही. विमानाला स्वतःची शिडी असल्याने विमानात चढण्या-उतरण्यासाठी विमानतळ जो पूल जोडतो त्याचे भाडे वाचते. बहुतेक विमाने रात्री आपल्या तळावर परततात, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या हॉटेलचा खर्च नाही. जोडउड्डाणांची जबाबदारी घेतलेली नसल्याने उशिरा आलेल्या प्रवाशासाठी पुढचे विमान खोळंबत नाही. वेळेत उतरले की विमानात तुतारीची धून वाजवण्याची पद्धतही बरीच वर्षे होती. झोपलेल्या प्रवाशांना ती कितपत रुचली असेल, हा प्रश्न वेगळा.

एवढे करूनही कंपनी आयर्लंड-इंग्लंडपुरतीच राहिली असती. युरोपीय समुदायाने टप्प्याटप्प्याने हवाई वाहतूक खुली केली. १९९३ पासून सदस्य देशांच्या कंपन्यांना दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि एप्रिल १९९७ पासून दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गांवरही उडता येऊ लागले. आयरिश कंपनी इटलीतल्या बेर्गामोहून इटलीतल्याच बारीला प्रवासी नेते, ते या नियमामुळे. त्याच वर्षी कंपनीचे समभाग बाजारात आले.

आता विमानतळ. युरोपात लष्कराने सोडलेल्या किंवा आडबाजूच्या धावपट्ट्या भरपूर होत्या आणि तिथल्या स्थानिक सरकारांना माणसे हवी होती. रायनएअरने त्यांना प्रवासी देऊ केले आणि मोबदल्यात शुल्कात सूट मागितली. पॅरिस म्हणून बोवे (सुमारे ८५ किमी दूर), फ्रँकफर्ट म्हणून हान (सुमारे १२० किमी) ही नावे यातून रूढ झाली. बसचे तिकीट कधी कधी विमानापेक्षा महाग पडे. ब्रुसेल्सजवळच्या शार्लरवा येथे वालोनिया प्रांताने दिलेल्या सवलती बेकायदा सरकारी मदत असल्याचे २००४ मध्ये युरोपीय आयोगाने ठरवले. २००८ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. घासाघीस आजही चालूच आहे. शुल्क पटले नाही तर कंपनी विमाने उचलून दुसरीकडे नेते. २०२५ च्या आरंभी स्पेनमधील हेरेज आणि वायादोलिद येथून तिने गाशा गुंडाळला.

विमानखरेदीत तर तिची नजर घारीची. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर इतर कंपन्या ताफा आवरत असताना जानेवारी २००२ मध्ये तिने १०० बोइंग ७३७-८०० मागवली. मंदीत अडलेल्या विक्रेत्याकडून मिळालेली सूट पुढची कित्येक वर्षे प्रत्येक तिकिटात मुरत राहिली.

तिकिटाचा दर हा फक्त दरवाजा. सामान, पसंतीची जागा, लवकर चढण्याचा हक्क, खाणेपिणे, अगदी लॉटरीची खरवडायची कार्डेसुद्धा, अशा वरकमाईतून एकूण उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग येतो. विमानतळावर चेक-इन केल्यास ५५ युरोंचा भुर्दंड पडे. स्वच्छतागृहाला पैसे लावण्याची ओ’लिअरी यांची २००९ मधील घोषणा प्रत्यक्षात कधीच आली नाही, पण वर्तमानपत्रांत फुकट जाहिरात झाली. कागदी बोर्डिंग पास चालत होते तोवर, म्हणजे नोव्हेंबर २०२५ पर्यंत, युरोपात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणखी एक नियम ठाऊक असे : युरोपीय पासपोर्ट नसेल तर सुरक्षा तपासणीआधी व्हिसा तपासणीच्या काउंटरवर जाऊन बोर्डिंग पासवर शिक्का घ्यायचा. तो राहिला, की गेटवर अडकण्याची पाळी येई.

या काटकसरीची झळ कर्मचाऱ्यांनाही बसली. बरेच वैमानिक एजन्सीमार्फत कंत्राटावर होते आणि कामगार संघटनांना कंपनीची दारे बंद होती. सप्टेंबर २०१७ मध्ये वैमानिकांच्या रजांचे वेळापत्रक कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि त्याच डिसेंबरमध्ये संघटनांना मान्यता द्यावी लागली. पुढच्या वर्षी अनेक देशांत संप झाले. एर लिंगस गिळण्याचे तीन प्रयत्नही वाया गेले. युरोपीय आयोगाने २००७ आणि २०१३ मध्ये मक्तेदारीच्या कारणावरून मनाई केली.

कोविडकाळात वर्षाचे प्रवासी १४.९ कोटींवरून २.७५ कोटींवर आले, तेव्हाही कंपनीने जुनाच डाव खेळला : बोइंग अडचणीत असताना डिसेंबर २०२० मध्ये आणखी ७५ मॅक्स (७३७ ची नवी आवृत्ती) विमाने मागवली. २०२३ मध्ये मॅक्स-१० जातीच्या ३०० विमानांचा करार झाला, त्यांतली १५० पक्की आणि १५० ऐच्छिक. या विमानात २२८ आसने असतील, म्हणजे ७३७-८०० पेक्षा ३९ जास्त.